मुक्कामाचे दिवस कोण ठरवितो?

मनोविकार पत्ता विचारून येत नाही, तेव्हा मनोरुग्णालयातील मुक्काम रोगाच्या तीव्रतेवरूनच ठरतो, वस्तीच्या दैन्याचा त्याच्याशी संबंध नाही, असा युक्तिवाद फ्रीमाँटमधील आपल्या सुस्थित मराठी मंडळींकडून मी वारंवार ऐकतो. त्यातील पूर्वार्ध खरा आहे, आणि त्याच्याच आधाराने उत्तरार्ध बिनतक्रार खपून जातो.

कॅलिफोर्नियाचा १९६७ सालचा लँटरमन-पेट्रिस-शॉर्ट कायदाच पाहा. त्यान्वये रुग्णास इच्छेविरुद्ध प्रथम ७२ तास आणि तपासणीअंती आणखी १४ दिवसांपर्यंत ठेवता येते. विकारामुळे अन्न, वस्त्र, निवारा यांची तजवीज स्वतः करता न येणे ही त्याची एक कसोटी. परंतु ही तजवीज करण्यास आपण राजी व समर्थ आहोत असे कोणा आप्तेष्टाने लेखी दिले, आणि त्या आधाराने रुग्ण सुखरूप राहू शकत असला, तर या कसोटीवर त्याला १४ दिवस अडकविता येत नाही. म्हणजे विकार तोच, औषध तेच. पण ज्याच्या भावाची फ्रीमाँटच्या मिशन सॅन होजेत एक खोली रिकामी आहे तो घरी जाईल, आणि याच अलामीडा काउंटीतील ईस्ट ओकलंडमध्ये जिची चार माणसे एका खोलीत निजतात ती बहीण, राजी असूनही, ‘समर्थ’ हा शब्द कोणत्या तोंडाने लिहील?

यावर जाणकार प्रतिपक्षी म्हणतो की, दैन्य रोगाचे कारण नसून परिणाम आहे. फॅरिस आणि डनहॅम यांनी १९३९ साली शिकागोच्या मध्यवर्ती दरिद्री वस्त्यांतून स्किझोफ्रेनियाचे रुग्ण सर्वाधिक दाखल होतात असे दाखविले खरे, पण १९६३ साली इंग्लंडात गोल्डबर्ग आणि मॉरिसन यांना तिथल्या अशाच रुग्णांचे वडील समाजाच्या सर्व थरांतले आढळले. अर्थात रुग्णच घसरत खाली आले. मान्य. पण घसरत आलेला माणूस बरा झाल्यावर परततो तो त्याच वस्तीत, आणि वाद आहे तो या परतण्याविषयीच. केवळ कुटुंब नाही, घर नाही वा वस्तीत सोय नाही एवढ्यासाठी कोणालाही रुग्णालयात ठेवू नये, हे भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, १९ व्या कलमात, स्पष्ट लिहावे लागले. कारण बरी झालेली, परंतु न्यायला कोणी न आलेली माणसे आपल्या मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे पडून राहिली.

म्हणून फ्रीमाँटात स्वल्प भाड्याच्या घरांचा प्रस्ताव येईल तेव्हा त्याचा खर्च मी रुग्णालयाच्या खाटांच्याच खात्यावर मांडीन, आणि त्याच्या बाजूने हात वर करीन.