हे ‘पित्त’ नसेल! गरोदर बाईचं बीपी आजच मोजा

घरात कोणी गरोदर असेल आणि पाचवा महिना लागून गेला असेल, तर तिचं बीपी शेवटचं कधी मोजलं ते आत्ताच विचारा. आठवत नसेल, तर आजच मोजून घ्या.

वार बाळाला पोसते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिच्यातून खेळणारं आईचं रक्त साकळू नये, हेही तीच बघते. वारेत तयार होणाऱ्या प्रोस्टासायक्लिनमुळे रक्तवाहिन्या सैल राहतात, प्लेटलेट्स एकमेकींना चिकटत नाहीत. तिथेच तयार होणारं थ्रॉम्बॉक्सेन नेमकं उलटं करतं. प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याच्या आजारात, पारडं थ्रॉम्बॉक्सेनकडे झुकतं. रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं आणि प्लेटलेट्स गुठळ्यांमध्येच खर्ची पडू लागतात. दीड लाखाच्या वर असायला हव्यात, त्या कधी लाखाच्याही खाली जातात. सोबत यकृताला इजा झाली आणि तांबड्या पेशी फुटू लागल्या, की डॉक्टर त्याला हेल्प सिंड्रोम म्हणतात. यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं.

त्यात दुखतं कुठे? उजव्या बरगडीखाली, नाहीतर छातीच्या खाली मधोमध. मळमळतं, उलटी होते. घरातलं निदान ठरलेलं: पित्त! मग जिऱ्याचं पाणी, सोडा, ‘जरा पडून राहा’. सोड्याने ढेकर येईल, बीपी उतरणार नाही. पायांची सूज बहुतेक वेळा साधी असते, हे खरं. पण चेहरा-हात अचानक सुजले, डोकं थांबेना, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर सकाळची वाट पाहू नका.

बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. १६०/११० म्हणजे थेट १०८ ला फोन. लघवीतली प्रथिनं, प्लेटलेट्स आणि यकृत, तिन्ही तपासायला सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, आशाताईंना विचारा.

आधीच्या खेपेला बीपी वाढलं होतं, जुळं आहे, मधुमेह किंवा किडनीचा आजार आहे, अशांनी तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना ॲस्पिरिनबद्दल विचारावं. कमी मात्रेत ती थ्रॉम्बॉक्सेनला आवर घालते. मनाने मात्र एकही गोळी घेऊ नका.

आणि वार पडली म्हणजे सुटलो, असंही नाही. बाळंतपणानंतर सहा आठवडे हा धोका राहतो. बाळंतिणीचं डोकं दुखलं, तर जागरणावर ढकलू नका. बीपी मोजा.