गाठ काढायची की अवयव?

चंद्रपूर-गडचिरोली हा हत्तीरोगाचा पट्टा. इथे पुरुषाच्या वृषणाला सूज आली की घरचे आणि गावचे 'अंडवृद्धी' म्हणून मोकळे होतात. लाजेपायी माणूस कुणाला सांगत नाही. पण प्रत्येक सूज पाण्याची नसते. वृषणातील बहुतेक घट्ट गाठी कर्करोगाच्या असतात. काही मोजक्या, उदाहरणार्थ लेडिग पेशींच्या गाठी, बहुधा निरुपद्रवी असतात.

कर्करोग असेल तर जांघेतून छेद घेऊन पूर्ण वृषण काढणे हाच योग्य उपचार. वेळीच केला तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात. त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न मोजक्या गाठींचा आहे. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, रक्तातील एएफपी व बीटा-एचसीजी वाढलेले नसेल, तर शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठ गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येते. निरुपद्रवी निघाली, तर तेवढी गाठ काढून अवयव वाचवता येतो. ज्याला एकच वृषण उरले आहे, त्याच्यासाठी हा अपत्याचा आणि जन्मभराच्या संप्रेरक-औषधांचा प्रश्न आहे.

मात्र त्यासाठी सर्जनच्या जोडीला पॅथॉलॉजिस्ट हवा. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले २०२४ मध्ये. चंद्रपूरला ते २०१५ मध्ये आले. बेचाळीस वर्षे सिरोंचा-भामरागडच्या माणसाने कुठे जायचे होते?

आता कायदा. समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी बेशुद्ध केलेल्या महिलेचे गर्भाशय व बीजकोश तिच्या स्वतःच्या संमतीविना काढले गेले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, सज्ञान रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच हवी; आणि उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय सांगितल्याशिवाय ती संमती खरी नाही. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्याचा अंगठा न समजलेल्या कागदावर उठवून घेणे ही संमती कशी?

म्हणून मागण्या सरळ आहेत. अंडवृद्धीच्या प्रत्येक शस्त्रक्रियेआधी सोनोग्राफी करा. दोन्ही महाविद्यालयांत शस्त्रक्रियेदरम्यान गाठ तपासण्याची सोय करा. संमती रुग्णाच्या बोलीत समजावून घ्या. आणि बांधवांनो, सूज लपवू नका. सही करण्यापूर्वी विचारा : गाठ कसली आहे? अवयव वाचू शकतो का? नसेल, तर का नाही? गरिबाचे शरीरही त्याच्याच मालकीचे आहे.