रांधणारीचंही पान मांडा

माझा मामा मंगळवेढ्याहून वर्षातून दोनदा आमच्याकडे सोलापूरला यायचा. सकाळच्या एसटीनं यायचा, चारच्या गाडीनं परत जायचा. त्या दिवशी आईचा बेत ठरलेला असे: पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, कोशिंबीर, श्रीखंड. मामा, बाबा आणि आम्ही पोरं बाहेरच्या खोलीत जेवायला बसायचो. आई आतून एकेक टम्म पुरी पाठवायची. आमची जेवणं झाली की ती दोन घास खाऊन भांड्यांना लागायची. मामा गेला तेव्हा तेराव्याला आई मावशीला म्हणाली, "दादा माझ्या घरी इतक्या वेळा जेवला गं, पण काय बोलला ते एकदाही धड ऐकू आलं नाही. कानात नुसता तेलाचा आवाज."

ते ऐकल्यापासून मी पाहुण्यांसाठी पुरी तळलेली नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी माझ्याकडे चुलत, मावस, आत्ये मिळून चौदा जण येतात. बेत एकच. शेंगाभाजी, कडक भाकरी, भात, दही आणि तोंडी लावायला कांदा, मुळा, मेथीची कच्ची पानं. भाकऱ्या मी शुक्रवारीच करते. ज्वारीचं पीठ कढत पाण्यात मळायचं, भाकरी हाताला पेलेल इतकी पातळ थापायची, तव्यावर शेकून मग मंद आचेवर पापडासारखी कडक होऊ द्यायची. डब्यात भरली की ती आठवडाभर सहज टिकते. म्हणजे रविवारी तव्यापाशी कुणीही उभं राहायचं नाही! भाजीचं पातेलं मधोमध ठेवायचं आणि सगळ्यांनी एकदमच बसायचं, मीसुद्धा.

गरमगरम पोळी तव्यावरून थेट ताटात पडली म्हणजे पाहुणचार झाला, असं आपण मानतो. ती पोळी लाटणारी मात्र आत एकटी असते. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं त्यात जाताना दिसली, पुरुषाची ९७. हे रोजच्या दिवसाचं झालं. चौदा पाहुणे आणि पाच पदार्थ असले की काय होतं, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणूनच कित्येक जणी आता पाहुण्यांना बोलवायलाच कचरतात. काही जण सगळ्यांना हॉटेलात नेतात, पण तिथं मागचे लोक टेबल रिकामं व्हायची वाट बघत उभे असतात. गप्पा कशा रंगणार?

माझ्या आत्याला माझा बेत आधी अजिबात पटला नव्हता. "पाहुण्याला भाकरी वाढतेस? लोक काय म्हणतील?" तिचं मी समजू शकते. तिच्या लहानपणी घरात गहू सणावारालाच दिसायचा. भाकरी रोजची, पोळी मानाची. पण गेल्या वर्षी तिनं भाकरी मुठीनं कचकन मोडली, ताटात चुरली, वरून शेंगाभाजी ओतली, दही घातलं आणि मुरायला ठेवली. ती मुरेपर्यंत तिनं आजोबांनी दुष्काळात विकलेल्या बैलजोडीची हकीगत सांगितली. बैल गेल्यावर आजी दोन दिवस जेवली नव्हती. मी हे कधीच ऐकलं नव्हतं, कारण आत्या जेवायला बसली की मी नेहमी स्वयंपाकघरात असायचे. आई माझ्या शेजारीच बसली होती. तिनं मध्येच आत्याला थांबवून बैलांची नावं विचारली.

पाच पदार्थ जमणार नाहीत म्हणून आमंत्रण पुढं ढकलत असाल, तर पिठलं करा, खिचडी करा, आमटी-भात करा, पण माणसांना बोलवा. पातेलं पुढं ओढून आपापलं वाढून घ्यायला पुरुषांनाही सांगा. आणि पानं मांडताना पहिलं पान जिनं रांधलं तिचं मांडा. ती बसल्याशिवाय कुणी घास उचलू नका.