मातीचा द्रोण आणि पडद्यावरचा गुरू

एकलव्याची कथा आपल्या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. द्रोणाने वर्गात घेतले नाही म्हणून त्याने रानात मातीचा द्रोण उभा केला आणि त्या पुतळ्यासमोर तो धनुर्विद्या शिकला. पुढे त्याचा अंगठा मागून घेतला गेला. या कथेतला अंगठा सर्वांच्या लक्षात राहतो, मातीच्या पुतळ्याकडे मात्र कोणी पाहत नाही. तो पुतळा चुकले तर सांगत नव्हता, शंका विचारली तर उत्तर देत नव्हता. अर्जुनाला जिवंत गुरू आणि एकलव्याला गुरूची प्रतिमा, अशी ती वाटणी होती.

आज नववी-दहावीपासून पदवीच्या वर्गांपर्यंत शैक्षणिक व्हिडीओंचा जो गाजावाजा चालला आहे, तो पाहताना ही वाटणी आठवल्याशिवाय राहत नाही. उत्तम शिक्षकाचे व्याख्यान एकदा चित्रित केले की ते देशातल्या कोणत्याही वाडीवस्तीवर पोहोचते, मग गरिबाच्या मुलाला आणखी काय हवे, असा युक्तिवाद केला जातो. ऐकायला तो गोड आहे. परंतु पडद्यासमोर कोणाची मुले बसणार आणि शिक्षकासमोर कोणाची, हा प्रश्न त्यात सोयीस्करपणे गाळलेला असतो.

पडद्यावरून गरिबांना शिकवण्याचे आश्वासन या देशाला नवे नाही. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर अमेरिकेच्या ‘नासा’चा उपग्रह वापरून सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शिक्षण देण्याचा प्रयोग झाला. 15 ऑगस्ट 1984 रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दूरदर्शनवर कार्यक्रम सुरू केले. त्याच वर्षी पुण्यात शालेय मुलांसाठी ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. 20 सप्टेंबर 2004 रोजी खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह आकाशात गेला. 9 जुलै 2017 रोजी ‘स्वयम’ हे संकेतस्थळ आणि ‘स्वयंप्रभा’च्या 32 वाहिन्यांचा शुभारंभ झाला. आणि याच 2017 साली मराठी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक चित्रफिती तयार करणाऱ्या बालचित्रवाणीला महाराष्ट्र शासनाने कुलूप लावले! यंत्राच्या उद्घाटनाला मंत्री येतात, यंत्र चालवणाऱ्या माणसांच्या पगाराची वेळ आली की तिजोरीत खडखडाट असतो. गेल्या पन्नास वर्षांचा हा अनुभव आहे.

या व्यवस्थेची खरी परीक्षा टाळेबंदीने घेतली. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर गेले. त्याआधीच्या 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील केवळ 4.4 टक्के घरांत संगणक आणि 14.9 टक्के घरांत इंटरनेट असल्याचे नोंदले गेले होते. म्हणजे कोण बाहेर राहणार हे राज्यकर्त्यांना आधीच ठाऊक होते. ऑगस्ट 2021 मध्ये 15 राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे 1,400 वंचित कुटुंबांची पाहणी झाली. त्यात नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले ग्रामीण भागात 8 टक्के निघाली. त्यातही जात पाहिली तर चित्र आणखी स्पष्ट होते. ग्रामीण दलित-आदिवासी मुलांत हे प्रमाण 4 टक्के, तर इतर ग्रामीण मुलांत 15 टक्के होते. तंत्रज्ञानाला जात नसते असे सांगणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

आता मोबाईल घरोघर पोहोचला आहे, ही जुनी रड कशाला, असे कोणी म्हणेल. मोबाईल पोहोचला हे खरे आहे. 14 ते 18 वयोगटातील ग्रामीण मुलामुलींची ‘असर’ने 2023 साली पाहणी केली. तीत सुमारे 90 टक्के घरांत स्मार्टफोन आढळला. पण फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के, तर मुली 19.8 टक्केच होत्या. म्हणजे भावाने फोन दिला तर बहिणीचा अभ्यास! त्याच पाहणीत सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. हाती यंत्र आले, पण वाचन आले नाही. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याला दहावीच्या विज्ञानाची चित्रफीत दाखवणे म्हणजे विहीर दाखवून दोर न देण्यासारखे आहे.

याचा अर्थ आम्ही व्हिडीओच्या विरोधात आहोत असा कोणी घेऊ नये. ज्या शाळेत प्रयोगशाळेच्या नावाखाली एक कुलूपबंद कपाट असते, तिथल्या मुलांना धडधडणारे हृदय, ज्वालामुखीचा उद्रेक किंवा रासायनिक अभिक्रियेत बदलणारा रंग पडद्यावर पाहता येणे ही मोठीच गोष्ट आहे. न समजलेला भाग चारदा पाहता येतो आणि चौथ्यांदा पाहताना कोणी ‘तुमच्या डोक्यात शिरणार नाही’ असे हिणवत नाही. ज्यांनी वर्गात असे टोमणे ऐकले आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. प्रश्न इतकाच आहे, की हे साधन कोणत्या पद्धतीने वापरले असता उपयोगी पडते?

याचे उत्तर जुने आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्याख्यानांच्या चित्रफिती दूरच्या एका कारखान्यातील अभियंत्यांना दाखवण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 1977 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे अभियंते लहान गटाने बसत, सोबत एक मार्गदर्शक असे, आणि कोणाला काही समजले नाही की चित्रफीत थांबवून चर्चा केली जाई. परीक्षेत हा गट विद्यापीठाच्या वर्गात प्रत्यक्ष बसलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरला. मार्गदर्शक कोणी जगप्रसिद्ध विद्वान नव्हता. चित्रफीत कुठे थांबवायची आणि प्रश्न कोणाला विचारायचा, हे त्याला कळत होते. 2005 पासून लखनौ परिसरात ‘डिजिटल स्टडी हॉल’ या उपक्रमानेही हीच वाट धरली. शहरातील चांगल्या शिक्षकाचा तास चित्रित करायचा आणि खेड्यातल्या शाळेत तिथल्याच शिक्षकाने तो थांबवत थांबवत, प्रश्न विचारत मुलांपुढे चालवायचा.

दहावीच्या वर्गात हृदयाची चित्रफीत चालू आहे असे समजा. शिक्षकाने ती मध्येच थांबवली आणि विचारले, “झडप नसती तर काय झाले असते?” मागच्या बाकावरच्या मुलीने चुकीचे उत्तर दिले. त्या चुकीतूनच शिक्षकाला कळते की मुलांना काय समजलेले नाही. पडद्याला हे कधीही कळत नाही, तो पुढे चालत राहतो. परदेशी ऑनलाइन अभ्यासक्रमांतील सुमारे 69 लाख पाहण्यांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. पाहणाऱ्याचे लक्ष जेमतेम सहा मिनिटे टिकते असे त्यात आढळले. तेही स्वतःहून नाव नोंदवलेल्यांचे! मग पाऊण तासाचे व्याख्यान मोबाईलवर एकट्याने पाहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाकडून काय अपेक्षा करायची?

म्हणजे व्हिडीओ शिक्षकाच्या हातात असेल तर शिक्षकाचे बळ वाढवतो, आणि शिक्षकाच्या जागी बसवला तर मातीचा पुतळा होतो. धोका इथेच आहे. 2021 च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम’वरून पूर्ण करण्याची मुभा दिली. 2016 साली ही मर्यादा 20 टक्के होती. इकडे आपल्या अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि उच्चविद्याविभूषित तरुण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबत आहेत. या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजण्याचा भोळेपणा आपण करू नये. प्राध्यापकाची जागा न भरता त्या विषयाचा दुवा विद्यार्थ्याच्या मोबाईलवर पाठवून दिला, की पगार वाचतो आणि आरक्षणाची बिंदुनामावलीही आपोआप गुंडाळली जाते. पडद्यावरच्या गुरूला आरक्षण लागू नाही, हे ध्यानात घ्या! नामांकित खासगी शाळा-महाविद्यालयांत मात्र पडदाही असेल आणि शिक्षकही असेल.

1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी नेमका याच विचारसरणीवर घाव घातला होता. वरच्या वर्गाला शिकवा, मग शिक्षण खाली आपोआप झिरपेल, हे इंग्रज सरकारचे धोरण होते. वर ओतलेले पाणी वरच मुरते, हे जोतीरावांनी दाखवून दिले आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. आजचे डिजिटल शिक्षण ही त्याच झिरपणीची नवी आवृत्ती ठरू पाहत आहे. उच्च संस्थांत शिकवले जाईल आणि त्याचे चित्रण खाली झिरपेल, तेही बव्हंशी इंग्रजीतून.

12 मार्च 1927 रोजी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिक्षणाच्या अंदाजपत्रकावर बोलताना एक हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत ढकलली जातात. बाबासाहेबांनी किती शाळा उघडल्या एवढेच मोजले नाही, किती मुले टिकली हे मोजले. आज शासन किती व्हिडीओ तयार केले, किती वेळा पाहिले गेले याचे आकडे जाहीर करते. किती मुलांना समजले, हा आकडा कुठे आहे? आपल्याला तो मागितला पाहिजे.

शासनाकडे करायच्या मागण्या स्पष्ट आहेत. शिक्षक-प्राध्यापकांच्या जागा बिंदुनामावलीप्रमाणे भरा. कोणताही व्हिडीओ रिकाम्या जागेचा पर्याय म्हणून वापरू नका. तो मुलांच्या डेटावर ढकलू नका, वर्गात शिक्षकासमोर दाखवा. मराठीतून चांगल्या चित्रफिती तयार करणारी यंत्रणा पुन्हा उभी करा, आणि पाठ्यपुस्तकाप्रमाणे चित्रफितीचा मजकूरही तपासला जाऊ द्या.

परंतु शासन करील म्हणून वाट पाहत बसणे हा आपला वारसा नाही. गावोगाव आपले विहार आहेत, समाजमंदिरे आहेत, शहरांत वसतिगृहे आहेत. ‘दीक्षा’ ॲपवरील पाठ एकदा उतरवून घेतले की पुढे इंटरनेट लागत नाही. स्वयंप्रभाच्या वाहिन्या दूरदर्शनच्या फ्री डिशवर मासिक शुल्काविना दिसतात, आणि एकच पाठ दिवसातून अनेकदा दाखवला जात असल्याने कामावरून आलेल्या विद्यार्थ्यालाही तो सापडतो. रविवारी वंदनेनंतर दोन तास पडदा लावा, पंधरा-वीस मुलेमुली एकत्र बसवा, आणि वस्तीतल्या एखाद्या पदवीधर तरुणाच्या किंवा तरुणीच्या हाती रिमोट द्या. त्याने फक्त दर पाच मिनिटांनी चित्र थांबवायचे आणि विचारायचे, “काय समजले? कोणाला पटले नाही?” ज्या मुलीच्या हाती घरी फोन येत नाही, ती इथे पहिल्या रांगेत बसेल.

एकलव्याला पुतळ्यावर भागवावे लागले, कारण त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. आपल्या मुलांना तो अधिकार संविधानाने दिला आहे. त्यांच्यासमोर पडदा जरूर असावा, पण तो थांबवून त्यांचे ऐकणारा माणूसही शेजारी उभा असला पाहिजे. त्याच्याशिवाय आलेला पडदा आपण मुकाट्याने स्वीकारला, तर या वेळी अंगठा कोणाला मागावाही लागणार नाही.