किती धावा केल्या? आधी सांगा, कधी केल्या

प्रभादेवी-दादरच्या कट्ट्यांवर एक वाद कधीच मिटत नाही. मर्चंट मोठे, गावस्कर मोठा की सचिन? शेवटी कोणीतरी मोबाईल काढून आकडा वाचतो आणि मॅच जिंकल्यासारखा चहा मागवतो. पण १९४५ चा आकडा आणि आजचा आकडा एकाच तराजूत कसे टाकणार?

विजय मर्चंट यांची रणजीतली सरासरी ९८.३५. धावा मात्र ३,६३९, कारण डावच मिळाले ४७. वसीम जाफरच्या रणजीत १२,०३८ धावा, दीडशेहून जास्त सामन्यांत. मर्चंट खेळायचे तेव्हा रणजी बाद पद्धतीची होती, हरलात की मोसम संपला. म्हणून नुसत्या धावा मोजल्या तर मर्चंटांवर अन्याय. पण त्यांची सरासरी जशीच्या तशी नाचवली तर ती जाफरवर अन्याय! तेव्हाच्या खेळपट्ट्या पाटा. १९४८-४९ ला पुण्यात मुंबई-महाराष्ट्र सामन्यात २,३७६ धावा निघाल्या. त्याच मोसमात, त्याच पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३.

उपाय शाळेतल्या गणिताचा आहे. त्या मोसमात सगळ्या फलंदाजांची मिळून सरासरी काढा आणि तिने खेळाडूच्या सरासरीला भागा. इतरांची ४० असताना याची ८०, किंवा इतरांची २५ असताना याची ५०, दोघंही दुप्पटच. मर्चंटांचा आकडा थोडा खाली येईल, पण ते वरच राहतील असं माझं मत. (सचिनभक्तांनी कमेंटमध्ये सावकाश यावं.)

नुसत्या गप्पाच असत्या तर एवढं लिहिलं नसतं. पण क्रिकेट बोर्ड जुन्या प्रथम श्रेणी खेळाडूंना पेन्शन देतं, तीही किती सामने खेळलात यावरच. सत्तरच्या दशकात पश्चिम विभागात संघ पाच: मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. म्हणजे साखळीचे सामने चार. मुंबईवाले पुढे जायचे, त्यांचे सामने वाढायचे. सौराष्ट्राचा एखादा ओपनर दहा वर्षं एकही सामना न चुकवता खेळला तरी साखळीत चाळीसच. आज एलिट गटात साखळीचे सात सामने असतात, तेवढ्याच वर्षांत सत्तर होतात. मेहनत तीच, टप्पा वेगळा.

बोर्डाने सामने मोजू नयेत, मोसम मोजावेत. किंवा त्याच्या संघाच्या सामन्यांपैकी तो किती खेळला ते पाहावं. त्यासाठी लागणारी स्कोअरकार्डं उपलब्ध आहेत. आणि तो ओपनर आज ऐंशीच्या घरात असेल, तेव्हा जरा लवकर.