नाकासमोर चालणारी गाडी

चालकविरहित गाड्यांच्या कैवाऱ्यांचा एक ठेवणीतला युक्तिवाद आहे. आमची गाडी दारू पीत नाही, फोनवर बोलत नाही, नियम मोडत नाही. तेव्हा मागून कोणी धडकलं तर दोष धडकणाऱ्याचा. पंचनाम्यापुरतं हे ठीक. हायवेवर शिरताना तेवढ्यावर भागत नाही.

कॅलिफोर्नियातल्या बहुतेक फ्रीवेंवर वेगमर्यादा ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. रॅम्पवरची गाडी बिचकत ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने आत आली, तर मागच्या गाडीपासूनचं ५० मीटर अंतर पाचेक सेकंदांत संपतं. मागचा ब्रेक दाबतो, त्याच्या मागचा जरा जास्तच दाबतो, आणि बरंच मागे कोणीतरी कारण न कळता थांबतो. शिरणारीवर ओरखडा नाही, नियमभंगही नाही. मग हा खोळंबा कोणाच्या खात्यावर मांडायचा?

‘माणसं तरी कुठे नीट शिरू देतात?’ खरंय. इंडिकेटर दिसला की फट बुजवायला ॲक्सिलरेटर दाबणारे जगभर आहेत. पण नवागताने शिरायचं ते त्यांनाच ओळखून. १४ फेब्रुवारी २०१६ रोजी माउंटन व्ह्यूमधल्या एल कॅमिनो रिआल रस्त्यावर गूगलची चालकविरहित लेक्सस वाळूच्या पोत्यांना वळसा घालून लेनच्या मध्याकडे सरकत होती. मागची बस वाट देईल असं ती धरून चालली. आत बसलेल्या चाचणीचालकालाही तसंच वाटलं. बसने दिली नाही. लेक्ससचा वेग ताशी तीनेक किलोमीटर, बसचा चोवीसेक, म्हणून कोणाला इजा झाली नाही. गूगलने काही जबाबदारी पत्करली आणि मोठी वाहनं सहसा वाट देत नाहीत, हे सॉफ्टवेअरला शिकवलं. एसटीपुढे स्कूटर चालवलेल्या कोणालाही हे शिकवावं लागलं नसतं!

म्हणून या गाड्यांना हायवेबंदी करा, हे मात्र मला पटत नाही. अमेरिकेतल्या टूसान शहरात संशोधकांनी वीसेक गाड्या एका वर्तुळात फिरवल्या. अडथळा काहीच नसताना माणसांनी निव्वळ पुढच्याला चिकटण्याच्या खोडीने कोंडी उभी केली. त्यातल्या एकाच गाडीचा वेग संगणकाच्या हाती दिला. ती अंतर राखून संथ चालत राहिली आणि कोंडीच्या लाटा विरल्या. त्या वर्तुळाला रॅम्प नव्हता, हे कबूल. तरी एका गाडीची चाल मागच्या साऱ्यांना लागते, एवढं त्यातून दिसलंच, आणि ती चांगलीही लागते.

नोव्हेंबर २०२५ पासून चालकविरहित टॅक्सी चालवणारी वेमो कंपनी फिनिक्स, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरात प्रवाशांना फ्रीवेवरून नेऊ लागली आहे. कंपनी अपघातांचे आकडे देते, ते द्यावेतच. पण प्रत्येक रॅम्पवर आपली गाडी आत शिरल्यावर मागच्या गाडीचा वेग किती आणि किती झटक्यात उतरला, हेही द्यावं. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. टपावरचे कॅमेरे आणि लेझरने अंतर मोजणारे लायडार मागचंही पाहतात. परवाना देणाऱ्यांनी ही नोंद मागावी, आणि ज्या रॅम्पवर मागचे वारंवार करकचून थांबतात, तिथे ती गाडी सुधारेपर्यंत दुसऱ्या रस्त्याने न्यावी.