भंगारात देण्याआधी प्लेस्टेशन उघडा

प्लेस्टेशन २ हे गेमचं यंत्र बंद पडतं ते बहुतेक वेळा एकाच जागी. आतली लेसरची लेन्स वर्षानुवर्षं डिस्क वाचून थकते, पडद्यावर ‘डिस्क रीड एरर’ येऊ लागतो आणि घरातलं कुणीतरी ते खोकं माळ्यावर टाकतं, नाहीतर भंगारवाल्याच्या हवाली करतं. खरं तर प्रोसेसर, मेमरी, चित्र काढणारी चिप हे सगळं त्या दिवशीही ठणठणीत असतं. डोळे गेले म्हणून माणसाला कुणी मेलेला म्हणत नाही, पण या यंत्राला आपण म्हणतो.

सोनीने ते २००० साली जपानमध्ये बाजारात आणलं आणि २०१३च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन थांबवलं. मधल्या काळात जगभर पंधरा कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली. आता त्यांची काळजी घ्यायची तर ती आपणच घ्यायची. ती घेण्याचा चांगला मार्ग म्हणजे यंत्र ‘मोड’ करणं. कंपनीने घातलेलं बंधन काढून त्याच्यावर आपल्या पसंतीचा प्रोग्राम चालवणं, एवढाच त्याचा अर्थ.

त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. सुरू होताना हे यंत्र मेमरी कार्डावर एखादं अपडेट ठेवलेलं आहे का, ते तपासतं. २००८ साली हौशी प्रोग्रामरांनी त्याच्या याच सवयीचा उपयोग करून ‘फ्री मॅकबूट’ तयार केलं. आठ एमबीच्या कार्डात मावणारा हा प्रोग्राम असला की आत डाग देऊन बंधन तोडणारी चिप बसवायची गरज राहत नाही. मग ‘ओपन पीएस२ लोडर’ हा दुसरा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून किंवा नेटवर्कच्या वायरीतून गेम उचलतो. लेन्सला कामच उरत नाही. शेवटच्या मॉडेलांत सोनीने ही वाट बुजवली, तर २०२० मध्ये यंत्रातल्या डीव्हीडी प्लेअरमधलीच एक फट सापडली आणि एका साध्या राइट केलेल्या डीव्हीडीने काम भागू लागलं. अर्थात तिथे लेन्स शाबूत लागते. पेन ड्राइव्हवरून खेळताना मधले व्हिडिओ अडखळतात, कारण या यंत्राचं यूएसबी पहिल्या पिढीचं, सेकंदाला जेमतेम बारा मेगाबिटचं आहे. बारीक मॉडेल असेल तर मागच्या नेटवर्क पोर्टला वायर जोडावी, खूप फरक पडतो.

आपल्या सांगली-साताऱ्याच्या भागात मोडिंगचं नाव खराब झालं ते चिपमुळे. तासावर गेम खेळायला देणाऱ्या दुकानांत चिप बसवलेली यंत्रं असत आणि त्यांत नकली डिस्क फिरत. चिप म्हणजे फुकटचे गेम, एवढंच समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं. त्या दुकानांनी कितीतरी मुलांना पहिल्यांदा हातात रिमोट दिला, हे मी मानतो. पण दुसऱ्याचं काम चोरून विकणं ही चोरीच, आणि आजही हजार गेम भरलेली हार्ड डिस्क विकणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कुलूप उघडता येतं, हे कळल्यावर आपण आत जाऊन फक्त फुकटचा माल उचलला. त्या घरात राहता येतं, हे कुणी पाहिलंच नाही.

आपला कायदाही सरसकट बंदी घालत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने ६५-अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. यातला ‘हेतूने’ हा शब्द मोलाचा आहे. कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही, अशा कामासाठीचा मार्ग तेच कलम मोकळा ठेवतं. शिवाय कलम ५२ प्रमाणे, कायदेशीरपणे मिळवलेल्या संगणक प्रोग्रामची प्रत हरवू-खराब होऊ नये म्हणून राखीव प्रत काढता येते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या घराघरांत शिरलं, २०२१ मध्ये ते पुन्हा आलं. चिखलात भिजलेल्या वस्तूंमध्ये काय काय गेलं, हे ज्यांनी ती घरं धुतली त्यांना विचारा. नदीकाठच्या माणसाला राखीव प्रतीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आणि गेम हरवतात ते काही पुरातच नाही. अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळेनासे झाल्याचं दिसलं. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर हैदराबादमध्ये तयार झालेला, याच यंत्रावर २००९ साली आलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ घ्या. तो भारतीय गेमच्या इतिहासाचा तुकडा आहे. तो आज दुकानात जाऊन विकत घेता येत नाही.

पण जपून ठेवणं हा अर्धाच भाग झाला. माझा जीव अडकलाय तो दुसऱ्या अर्ध्यात, आणि त्यासाठी ‘क्रिकेट ०७’कडे यावं लागेल. ईए स्पोर्ट्सने हा गेम २००६च्या शेवटी आणला आणि त्यानंतर क्रिकेटची ती मालिकाच बंद केली. दीड वर्षाने, एप्रिल २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली. म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या संघांचा गेम कंपनीकडून येणारच नव्हता. तो चाहत्यांनी बनवला. गेममधल्या फाइली उघडून नवे संघ, नवे कपडे, नवी नावं घातली. कंपनीने सोडून दिलेला गेम त्यांनी पुढची कितीतरी वर्षं चालता ठेवला. संगणकावरच्या आवृत्तीला तर हिंदी समालोचनही जोडलं गेलं.

हेच मराठीत का करू नये? मूळ गेममध्ये रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांचा आवाज आहे. तो मला आवडतो. पण आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी ज्या भाषेत क्रिकेट सांगितलं, ती भाषा या मैदानावरही शोभेल. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ हे नाटक सांगलीतच उभं केलं. त्या गावात माइकसमोर उभं राहून ‘चेंडू थेट सीमापार!’ म्हणणारे आवाज कमी पडणार नाहीत. शिवाय ‘क्रिकेट ०७’मध्ये महिलांचा संघच नाही. क्रिकेटपटू स्मृती मानधना ज्या सांगलीत लहानाची मोठी झाली, तिथल्या मुलीला जुन्या यंत्रावर स्मृतीला घेऊन डावाची सुरुवात करता यावी, ही माझी अगदी साधी इच्छा आहे.

साधी इच्छा, पण काम कष्टाचं आहे. अशा जुन्या गेमला देवनागरी माहीत नसते. तो एकामागून एक इंग्रजी अक्षराचं चित्र ओळीत ठेवत जातो. वेलांटी, रफार, जोडाक्षर म्हणजे काय, ते त्याला कळत नाही. म्हणून ‘स्मृती’ लिहायचं तर ‘स्मृ’ हे अख्खं एक चित्र काढून अक्षरांच्या तक्त्यातल्या न वापरलेल्या घरात बसवावं लागतं, मग ‘ती’ दुसऱ्या घरात. अशी कोणती जोडाक्षरं लागतील, ती आधी मोजावी लागतात, कारण घरं थोडी असतात. टंकाची जाण असलेला चित्रकार, भाषा जाणणारा शिक्षक आणि बायनरी फाइल वाचणारी विद्यार्थिनी, अशी तिघं एका टेबलाशी बसली तरच हे जमेल.

मोडिंगमधून काय उभं राहू शकतं, याचं मोठं उदाहरण आपल्याच टीव्हीवर सापडेल. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सची बंधनं काढून हौशी मंडळींनी २००२च्या सुमारास त्यावर चित्रपट-गाणी चालवणारा प्रोग्राम लिहिला. पुढे तो ‘एक्सबीएमसी’ झाला आणि २०१४ पासून ‘कोडी’ या नावाने जगभर चालतो. ज्यांनी तो सुरू केला त्यांना परवानगी कुणी दिली नव्हती.

सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या आयटीआय यांनी हे काम अंगावर घ्यावं. प्लेस्टेशन २साठी प्रोग्राम लिहायची मोकळी साधनं फुकट मिळतात. जेमतेम बत्तीस एमबी मेमरी आणि तीनशे मेगाहर्ट्झच्या आतला प्रोसेसर यांत काम बसवायला शिकलेला विद्यार्थी पुढे कुठेही वाया जाणार नाही. साताऱ्यात राजवाड्याजवळ किंवा सांगलीच्या गणपती पेठेत मोबाइलच्या केसाएवढ्या वाटांवर डाग देणारी मुलं आहेत. त्यांनाही वर्गात शिकवायला बोलवा. सांगली जिल्ह्याच्या हातांत हुन्नर किती आहे ते देवराष्ट्र्याच्या एका कारागिराने भंगारातून जीप उभी करून सगळ्या देशाला दाखवलंच आहे.

वाचकांकडे एकच मागणं आहे. माळ्यावरचं खोकं कुणाला द्याल तेव्हा त्याच्याबरोबर मेमरी कार्ड, वायरी, रिमोट आणि विशेषतः विकत घेतलेल्या मूळ डिस्क एकत्रच द्या. ओरखडे पडलेल्या असल्या तरी त्या फेकू नका. राखीव प्रतीचा कायदेशीर हक्क त्या मूळ डिस्कवरच उभा आहे.